एका मीटरवरच्या दोन जावा

"तुझी ती पेटी रात्रंदिवस वीज पितीय, अन् बिल निम्मं मी का भरू?" थोरली गिरणीच्या दारातून ओरडली. अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या.

"मग तुमची मोटर काय पाण्यावर चालते व्हय अक्का?" धाकटी आतून म्हणाली.

आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, त्यामुळं सगळं कानावर यायचं. दोघी सख्ख्या जावा. एक घर, एक मीटर. धाकटीचा नवरा तीन वर्षांमागं गेला तेव्हा थोरलीनंच तिला घास भरवून उभं केलेलं. पण यंदा बिल दुपटीवर गेलं आणि दोघींच्या बोलण्याला धार आली.

धाकटीनं दोन शेळ्या विकून अंडी उबवायची पेटी आणली होती. आत दीडशे अंडी. एकवीस दिवसांनी पिल्लं निघणार, ती विकायची आणि लोकांच्या रानातली रोजंदारी सोडायची. वाकून वाकून तिची कंबर कामातनं गेली होती. सांजेला रानातनं आली की हातपाय धुवायच्या आधी पेटीच्या काचेला नाक लावायची.

इकडं थोरलीनं काटकसर मांडली. ओसरीवरचा दिवा काढला. एकट्या डब्यासाठी मोटर लावेना. "चार डबे जमू देत, मगच दळते," म्हणायची. तरी पेटी तिच्या डोळ्यांत सलायचीच. धाकटी रानात गेली की ही पेटीचं बटण बंद करायची आणि ती यायच्या आधी चालू.

"अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीबी उठतेच की दाणे टिपायला," मला म्हणाली.

मी नुसती हसले. थंडीचे दिवस, वारा हाडात शिरत होता. मला बोलता आलं असतं.

एकविसावा दिवस गेला. बाविसावा गेला. अंड्याला टोचा नाही, आत चिवचिव नाही. धाकटीनं परातीत एकेक अंडं फोडलं. आत पिसं फुटलेली, चोच आलेली पिल्लं, पण सगळी निपचित. दीडशेच्या दीडशे. तिनं एकही तसंच टाकलं नाही. प्रत्येक पिल्लू तळहातावर घेऊन त्यावर फुंकर घालून बघितली.

"अंडीच खराब असतील गं," थोरली म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. थोरलीनंच बोलावला होता, बिलासाठी. त्यानं गिरणी बंद केली, पेटी बंद केली, घरातलं सगळं बंद केलं. तरी मीटर पळतच होतं. मग गिरणीमागची भिंत चाचपून त्यानं वायर ओढून काढली. उंदरांनी कुरतडलेली, आणि भिंत ओलीगच्च.

"वीज इथं मुरत होती, वहिनी. कुणाला झटका बसला नाही हे नशीब."

"अन् पेटी?" थोरलीनं विचारलं.

"ती होय? तिची भूक ती किती! दोन बल्बांएवढी."

चोर सोडून संन्याशाला फाशी. थोरली तिथंच पिठाच्या राशीवर बसली.

"मी बंद करत होते गं," ती दारात उभ्या धाकटीला म्हणाली. "रोज. तू रानात गेलीस की."



"तुम्ही तोंडावर म्हणाला असता तर मीच पेटी विकली असती, अक्का. तुमच्या शब्दाबाहेर कधी गेलेय का मी?"

"मार मला. शिव्या दे. पण बोल."

धाकटी वायरमनकडं वळली. "भाऊ, माझं मीटर वेगळं करायला काय काय लागतं?"

वायर बदलली आणि पुढच्या महिन्यात बिल निम्म्यावर आलं. ते वाचून थोरली सवयीनं अंगणात धावली. "अगं ए, बघ तरी, किती उतरलं!"

धाकटी तिच्या खोलीतच होती, दार आतनं लावून. आतनं भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला. पण कडी निघाली नाही.