मेक अप

पक्षाघातानंतर बाईंची मराठी गेली. कानांना सगळं कळायचं, पण जिभेवर यायचे ते इंग्रजीचे तुटक शब्द. "जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलंत, आता तीच चिकटून बसलीय," सून हसून म्हणायची.

दिवसा बाईंजवळ एक नर्स असायची. एका सकाळी खिडकीकडे बघत बाई म्हणाल्या, "मेक अप. सिस्टर."

नर्सला घरात सगळे सिस्टरच म्हणत. म्हणजे हे आपल्यालाच सांगणं, असं तिला वाटलं. सुनेला फोनवर विचारून तिने पावडर-लिपस्टिक आणली, बाईंचे केस विंचरले.

"नो," बाई म्हणाल्या.

"लाजताय काय? आजारी माणसानं नटू नये असं कुठं लिहिलंय?"

लिपस्टिक लावून होते तोच बाईंचे डोळे भरून आले. नर्सचा हात थांबला. चुकलं हे तिला कळलं, काय चुकलं ते कळेना.

संध्याकाळी सून कामावरून आली. बाईंनी बळ एकवटलं. "मेक अप विथ... सिस्टर."

सून त्यांच्याजवळ बसली. "मावशीशी?"

बाईंनी मान हलवली. वडिलांच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघी बहिणींनी अबोला धरला होता. सून लग्न होऊन आली तेव्हापासून मावशीचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं.

"मेक अप विथ म्हणजे समेट करणं," सुनेनं नर्सला सांगितलं.

नर्स ओशाळली. "एवढ्याशा शेपटानं सगळा अर्थच फिरला की."

"आपलं 'लागणं' तसंच. भूक लागते, डोळा लागतो, वाटसुद्धा लागते."

सुनेनं नवऱ्याकडून नंबर घेऊन व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे मावशीनं बहिणीचा चेहरा न्याहाळला. मग म्हणाली, "आक्का, एवढी नटून कुठं निघालीस?"

बाई वाकड्या ओठांनी हसल्या. "कम ओव्हर."

नर्सनं सुनेकडे पाहिलं. "घरी ये म्हणतायत," सून हळूच म्हणाली.

"येते," मावशी म्हणाली.

शनिवारी ती आली. जुना विषय दोघींनीही काढला नाही. दुपारी औषध द्यायला नर्सनं दार उघडलं, तर मावशी बहिणीच्या लुळ्या हाताची मिटलेली बोटं एकेक करून उलगडत, चोळत होती. नर्सनं दार हळूच ओढून घेतलं आणि ती बाहेरच थांबली.