विहिणीच्या वाट्याचं

ऋषीनं स्पीकरची पिन मोबाइलमध्ये खोचली, तेवढ्यात गजराआत्याचा हात त्याच्या मनगटावर आला. हात हलका, पण धरून ठेवणारा. तिनं मोबाइलच्या काचेकडं बोट केलं. तिथं तिच्याच गाण्याखाली दोन बटणं होती. डावीकडं 'पूर्ण', उजवीकडं 'कुटुंबासाठी'. आत्याला वाचता येत नव्हतं, पण डावीकडचं आपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"व्हय आत्या, तेच लावतो," ऋषी म्हणाला. "तू बस निवांत."

आत्या बसली नाही. बायकांच्या घोळक्यातून वाट काढत पुढं जाऊन उभी राहिली, गळ्याभोवतीचा रुमाल सारखा करत. गेल्या साली गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. आता ओठ हलायचे, शब्दांचे आकार जसेच्या तसे उमटायचे, आणि बाहेर नुसता वारा यायचा. बाभळीच्या शेंगेतून यावा तसा.

आळेफाट्याजवळच्या त्या कार्यालयात दुपारी ऋषीच्या धाकट्या बहिणीचं, ऋतिकाचं लग्न लागलं होतं. आता विहिणीची पंगत. नवरदेवाच्या आईला पाटावर बसवायचं, ताटाभोवती रांगोळी घालायची आणि मुलीकडच्या बायकांनी तिला नाव घेऊन, गाण्यातून, मनसोक्त शिव्या घालायच्या. शिव्या पडल्याशिवाय विहीण घासाला हात लावत नाही. मेंढरं घेऊन घाट उतरणाऱ्या माणसांपासून त्यांच्याकडं हे चालत आलं होतं. मेंढरं गेली, वाड्यावस्त्यांवर कांदा आला, पोरं पुण्याला गेली. गाणं तेवढं मागं राहिलं, तेही एकट्या गजराआत्याच्या गळ्यात. ती लवकर विधवा झाली, भावाच्या घरी परत आली आणि भावाच्या पोरींना देण्यासारखं तिच्यापाशी हे एवढंच होतं.

थोरल्या हर्षालीच्या लग्नात आत्या शेवटचं गायली. ते ऋषीनं मोबाइलवर धरलं आणि गाण्यांच्या एका ॲपवर टाकलं. लांबलांबच्या बायकांनी ऐकलं, हसल्या, आपापल्या विहिणींना पाठवलं. मग एका सकाळी गाणं तिथं नव्हतंच. नाव घेऊन केलेला अपमान, असं कारण खाली लिहिलेलं. ऋषी तेव्हा चिडला होता. हा अपमान नाही, हा मान आहे, असं तो तक्रारीच्या चौकटीत पुन्हापुन्हा लिहीत राहिला. शेवटी कसं ऐकायचं ते ऐकणाऱ्यानं ठरवावं, म्हणून ॲपवाल्यांनी गाणं दोन रूपांत परत आणलं. 'कुटुंबासाठी' दाबलं की नाव आणि शिवी, दोन्हींच्या जागी शांतता पडायची. ऋषीनं मोबाइल आत्याच्या मांडीवर ठेवला होता. तिनं डावीकडचं बटण दाबलं आणि डोळे मिटून आपला आवाज ऐकत बसली. तेव्हापासून रोज ऐकायची.

आज पाटावर प्रयागबाई होत्या, अवसरी बुद्रुकच्या. नवरदेव मंचरला कॉलेजात शिकवायचा. त्याच्याकडची माणसं शिकलेली, बोलायला मऊ. त्याची बहीण श्रेया आईच्या पाठीशी उभी राहून शूटिंग करत होती. आणखी चार-पाच मोबाइल वर धरलेले. ऋषीनं त्या मोबाइलांकडं बघितलं. स्पीकरवर, भर मांडवात, आपल्या आत्याच्या तोंडून 'सटवी' ऐकल्यावर ही माणसं काय करतील, ते त्याला दिसायला लागलं. शिवाय त्या गाण्यात नाव होतं हर्षालीच्या सासूचं, आळे गावच्या सरूबाईचं. 'कुटुंबासाठी'मध्ये नावाची भानगडच नव्हती. कुणाच्याही लग्नात चालेल असं गाणं.

त्याचा अंगठा उजवीकडं गेला.

स्पीकरमधून आधी बांगड्या वाजल्या, मग आत्याचा आवाज. भरलेला, किंचित खरखरीत, पहिल्याच ओळीला कंबरेवर हात ठेवून उभा राहणारा. मांडवातल्या बायका एकदम गप्प झाल्या. कोंडाबाईनं, ऋषीच्या आईनं, पदर डोळ्याला लावला. नणंदेचा आवाज असा मांडवात घुमून किती दिवस झाले, हे तिलाच ठाऊक.

*बुंदीचं गं ताट, वर तुपाची धार,*
*… … घास घेती चार चार.*

*नथ हले नाकी, नजर लाडवात,*
*… … ओटी भरी मांडवात.*

जिथं हसू फुटायचं तिथं काहीच नव्हतं. आवाज चालता चालता खड्ड्यात जायचा आणि पलीकडं निघायचा. बायका हसायला तोंड उघडायच्या आणि तशाच राहायच्या. आत्याचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. पहिल्या खड्ड्याला तिनं ऋषीकडं वळून बघितलं. दुसऱ्या खड्ड्याला बघितलं नाही. रुमालाचं टोक तिनं मुठीत धरलं आणि ओठ मिटून घेतले.

गाणं संपलं. ताटातल्या भाताची वाफ सरली. प्रयागबाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

"जेवा की वो," कोंडाबाई म्हणाली.

"कशी जेवू? अजून मला कुणी काय म्हणलंच न्हाई."

"गाणं झालं की."

"गाणं झालं. माझं काय झालं?" प्रयागबाईंनी मान वळवली. "काय पावणं, तुमच्या त्या मशिनीला माझं नाव घ्यायची लाज वाटली व्हय?"

मांडवात खसखस पिकली. ऋषी पुढं आला.

"मावशी, तसं न्हाई. त्यातले काही शब्द जरा… म्हणजे तुमच्याकडची मंडळी हायेत, म्हणून मीच…"

"तूच?"

"हो. मीच बंद केले."

"आन् मला इचारलंस?"

ऋषीनं मोबाइलकडं बघितलं.

"आई, असू दे गं," श्रेया मागून हळूच म्हणाली. "चांगलं होतं की गाणं."

"तू गप. तुझ्या लग्नात तुमी केक बी कापला, मी बोलले का काय?" प्रयागबाई परत ऋषीकडं वळल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "बाबा, तीन पोरी दिल्या मी. दर लग्नात हुबं राहून दुसऱ्या बायांना शिव्या घातल्या. घसा बसंस्तवर. आज पयल्यांदा पाटावर बसले. माझ्या वाट्याच्या शिव्या तू कोण रं ठेवून घेणार?"

ऋषीनं मोबाइल उचलला. अंगठा डावीकडच्या बटणावर नेला आणि थांबला. "पण मावशी, त्यात…"

"लाव."

त्यानं लावलं. बांगड्या वाजल्या, धार पडली आणि आत्याचा आवाज ठणठणीत म्हणाला, *सटवी सरूबाई घास घेती चार चार.*

बायका हसल्या, आणि मग एकेक करून थांबल्या.

"सरूबाई कोण?" प्रयागबाईंनी विचारलं.

"आळ्याची," कोंडाबाई खाली बघत म्हणाली. "आमच्या थोरलीची सासू."

"म्हंजी ह्या तिच्या शिव्या." प्रयागबाईंनी ताटाकडं बघितलं, मग सगळ्यांकडं. "उष्ट्या शिव्या वाढता व्हय मला?"

ऋषीनं गाणं बंद केलं. गजराआत्यानं कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस ती ऐकत होती ते आपल्या आवाजासाठी. त्यात नाव कुणाचं आहे, इकडं तिचं लक्षच गेलं नव्हतं.

कपाळावरचा हात तिनं तसाच कोंडाबाईच्या खांद्यावर ठेवला आणि तिला खाली ओढलं. भावजयीच्या कानाशी तोंड नेलं. ओठ हलले, त्या वाऱ्यातून शब्द निघाले. कोंडाबाई ऐकत राहिली, आधी कपाळाला आठ्या घालून, मग आठ्या सोडून.

"वन्सं, मला न्हाई येत म्हणायला."

आत्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. शेळी पुढं घालावी तशी.

कोंडाबाई सरळ उभी राहिली. उभ्या जन्मात ती नणंदेच्या मागं उभी राहून नुसता सूर धरत आली होती. तिचा आवाज बारीक निघाला, हलत हलत.

*अवसरीची विहीण आली, दारी थांबली गाडी,*
*प्रयागबाई नटली कशी, नेसून कोरी साडी.*

"आलं, माझं नाव आलं!" प्रयागबाई पाटावर सावरून बसल्या. बायकांनी टाळीचा ठेका धरला. कोंडाबाईचा आवाज जरा उघडला. आत्या परत तिच्या कानाशी लागली, आणि ह्या वेळी कोंडाबाई ऐकता ऐकता मागं सरकली.

"अगं बया. हे बी?"

आत्यानं मान हलवली.

*प्रयागबाई विहीण गं…*

तिथंच कोंडाबाई अडली. समोर व्याही उभे होते, दीर उभे होते, मोबाइल वर धरलेले होते. तिनं पदर तोंडावर घेतला. टाळ्यांचा ठेका थोडा वेळ चालला आणि विस्कटला. ऋषी आईकडं बघत होता. तिला काय सांगावं, हे त्याला सुचत नव्हतं. काही सांगावं का, हेही.

प्रयागबाई मात्र कोंडाबाईकडं बघतच नव्हत्या. त्या तिच्या मागं बघत होत्या.

गजराआत्या एक पाऊल पुढं आली. रांगोळीपाशी थांबली. तिनं कंबरेवर हात ठेवला, प्रयागबाईंच्या डोळ्यांत डोळे घातले आणि ती ओळ पहिल्यापासून म्हटली. सावकाश, एकेक शब्द ओठांनी नीट घडवत, शेवटपर्यंत. आवाजाचा कण नाही. मांडवात पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

प्रयागबाईंच्या गालावर लाली चढली, ती कानाच्या पाळीपर्यंत गेली. मग त्या हसल्या. नथ हातानं धरावी लागली इतक्या हसल्या. डोळे पुसले, भातावर वरण ओढलं आणि पहिला घास घेतला.

श्रेयानं मोबाइल खाली केला.

"आई, काय म्हणाल्या त्या? आम्हाला काहीच नाही कळलं."

"तुला कशाला?" प्रयागबाई घास चावत म्हणाल्या. "माझं हाय ते."