शाळेत न पोचणारी सकाळ

पहिल्या तोंडी परीक्षेत मी तीनदा झोपेतून उठले आणि एकदाही शाळेत पोचले नाही.

थट्टा नाही करत! स्पॅनिशच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, आपली रोजची सकाळ सांगायची, वर्तमानकाळात. जाग येण्यापासून शाळेला निघेपर्यंत. आता ही सगळी स्वतःची स्वतःवर करायची कामं, आणि स्पॅनिशमध्ये अशा क्रियापदाच्या आधी एक चिमुकलं 'मे' लागतं. आपण नुसते उठतो, ते लोक स्वतःला उठवतात: मे लेबांतो. स्वतःला धुतात, मे लाबो. स्वतःला विंचरतात, मे पेइनो. मी अख्खी सकाळ घोकून घोकून एका दोऱ्यात ओवली होती आणि धडाधड म्हणत सुटले होते. मे पेइनोपर्यंत आले, तर बाईंनी मधेच विचारलं, "आ के ओरा?" म्हणजे किती वाजता? एवढंच! पण दोरा तुटला आणि मणी घरंगळले. पुढचं आठवेना म्हणून मी परत पहिल्यापासून सुरू केलं. मे देस्प्येर्तो, मला जाग येते... बाईंनी पुन्हा काहीतरी विचारलं. मी पुन्हा जागी झाले. तिसऱ्यांदा जागी झाले तेव्हा बाईंनी पेनचं टोपण लावून टाकलं.

"शुक्रवारी परत ये," त्या म्हणाल्या. "पण तेव्हाही अडलीस ना, तर पुढच्या महिन्यापासून दुसरा विषय घ्यावा लागेल तुला."

दाराबाहेर माझ्या बाकावरची चष्मिस कान लावून उभी होतीच. मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात माझं नवं नाव पडलं: अलार्म.

नावाचं काही नाही हो. पण दुसरा विषय? बाकीच्या तासांना मी वर्षानुवर्षं तोंडात मूग धरून बसायचे, कारण माझ्याआधी दहाजणांना सगळं येत असायचं. स्पॅनिशच्या पहिल्या दिवशी मात्र कुणालाच काही येत नव्हतं. सगळे सारखेच ढ! मग म्हटलं, बोलून टाकू. बोलले आणि तेव्हापासून माझी जी टकळी सुरू झाली ती बंद म्हणून नाही. तो तास गेला असता तर मी परत मुगाकडे.

त्यातच घरात मामा होता. मामा सुतार. स्टुलावरून पडून उजवं मनगट मोडून घेतलं होतं त्याने, तेव्हापासून आमच्याकडेच राहायला होता. प्लास्टर निघून दोन आठवडे झाले होते. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज सकाळी स्वतःची सगळी कामं उजव्या हातानेच करायची. मामा तेवढं सोडून सगळं करायचा. "ताई, जरा बटण लाव गं," असं तो आईला सकाळी सहा वेळा म्हणायचा. शर्टाला बटणं सहाच होती.

त्या रात्री जेवताना मी माझं रडगाणं सांगितलं. आई म्हणाली, "उद्यापासून तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा. त्याने हात हलवायचा, तू तोंड हलवायचंस. मला सुखाने चहा पिऊ द्या."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीजवळच्या आरशासमोर आम्ही उभे. नियम असा ठरला: मामा जे करील ते मी सांगायचं, आधी माझं म्हणून 'मे' लावून, मग त्याचं म्हणून 'से' लावून.

मी सुरुवात केली, "मे देस्प्येर्तो, मे लेबांतो, मे लाबो..."

"दिवसभर हे मे मे," मामा म्हणाला, "ताई, शेळी कधी आणलीस गं?" आणि त्याने शर्ट घातला.

"मामा! आधी तोंड धुवायचं असतं!"

"का? माझं तोंड आहे. शर्ट समोर दिसला, घातला."

झालं, माझी फजिती! माझ्या दोऱ्यात कपडे पाचव्या मण्यावर होते. मी मनातल्या मनात जाग येण्यापासून पळत पळत पाचव्या मण्याशी पोचेपर्यंत मामाच्या हातातून कंगवा पडलासुद्धा.

"किती वेळ लावतेस? माझ्या मनगटापेक्षा तुझी जीभ जास्त मोडलीय."

तीन दिवस हेच. मामाची सकाळ रोज वेगळी. कधी आधी दाढी, कधी आधी बूट, एकदा तर बूट घालून अंघोळीला निघाला होता. मी चिडायचे, तो हसायचा.

गुरुवारी मात्र एक गोष्ट झाली. मामा बटणं लावत होता. एकेका बटणाला दीड दीड मिनिट, कपाळावर घाम, जीभ बाहेर. वरची चार लागली, पाचवं काजातून निसटलं. मला राहवेना. म्हटलं, "सगळी काढ आणि परत वरपासून लाव ना."

मामाने माझ्याकडे मी वेडीच असल्यासारखं पाहिलं. "वरची चार नीट लागलीत की! सुटलंय तेवढंच लावायचं. टेबलाचा एक पाय डुगडुगला तर आम्ही काय अख्खं टेबल मोडतो होय गं, टकळे?"

आणि त्याने ते पाचवं बटण शांतपणे पुन्हा धरलं. घसरलं. पुन्हा धरलं. लागलं.

"से बिस्ते," मी म्हणाले. तो स्वतःला कपडे घालतो. आणि पहिल्यांदाच ते शब्द मी दोऱ्यातून ओढून काढले नव्हते, समोर बघून म्हटले होते.

शुक्रवारी परीक्षेच्या खोलीत मी सुरुवात केली. जागी झाले, उठले, धुतलं, अंघोळ केली. मे दुचो म्हणते न म्हणते तोच बाई, "आ के ओरा?"

डोकं कोरं. पाय आपोआप मागे, अंथरुणाकडे निघाले. मग माझा हात गणवेशाच्या बटणावर गेला. वरची चार लागलीत.

"आ लास स्येते," मी म्हणाले. सात वाजता. थांबले, श्वास घेतला, आणि अंघोळीपासूनच पुढे निघाले. मे बिस्तो. मे पेइनो.

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मुद्दाम आणखी एक विचारलं, न पढवलेलं: घरात आवरायला सगळ्यात जास्त वेळ कुणाला लागतो?

"मि तीओ!" माझा मामा! आणि मग काय, धबधबाच. तो उठतो, कपडे घालतो, दाढी करतो, पुन्हा कपडे घालतो...

"दोनदा?" बाईंनी विचारलं.

"सी! पहिल्यांदा शर्ट उलटा असतो."

बाई हसल्या. एका ठिकाणी मी 'से'च्या जागी 'मे' म्हणाले आणि मामाची दाढी माझ्याच गालावर आली, ती त्यांनी दुरुस्त केली. मी दुरुस्त करून घेतली, तिथूनच पुढे गेले. शेवटी, मे बोय आ ला एस्क्वेला. मी शाळेला निघते.

"पास," बाई म्हणाल्या. "ये सोमवारी तासाला."

बाहेर चष्मिसने विचारलं, "काय गं अलार्म, किती वेळा वाजलीस?" "एकदाच!" मी ओरडले, इतक्या जोरात की शेजारच्या वर्गातून कुणीतरी शुक् केलं.

घरी पोचले तर मामा दारातच. "शाळेत पोचलीस का एकदाची?"

"पोचले!"

त्याने दोन्ही हात वर केले, उजवासुद्धा, अगदी डोक्याच्या वर. आई स्वयंपाकघरातून बघतच राहिली. माझ्या अंगातली चार दिवसांची ताठ सुतळी कुणीतरी सोडून दिल्यासारखी झाली. मी दप्तरासकट पलंगावर आडवी पडले. दुपारचे चार वाजले होते.

"मे अक्वेस्तो," मी जाहीर केलं. मी झोपते.

"अगं, आधी बूट काढ!" मामा ओरडला.

"का? माझे पाय आहेत."