भाजीची वेगळी कढई

“हिच्यात भाजीशिवाय काही पडता कामा नये. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

मित्रांनो, हे आमच्या म्हाताऱ्या आचाऱ्याचं बोलणं. ते आता नाहीत इथे, पण माझ्या कानात अजून आहेत. मी एक जुनी लोखंडी कढई आहे. माझ्या कड्या सैल झाल्या आहेत, बूड एका बाजूला बसलं आहे, आणि खरं सांगायचं तर मी थकले आहे.

माझा जन्म लोहाराच्या घणाखाली झाला. तापवायचं, ठोकायचं, पुन्हा तापवायचं. आचाऱ्यांनी मला बाजारात टिचकी मारून घेतलं आणि एका मोठ्या शहरातल्या खानावळीत आणलं. आजूबाजूला सगळी कार्यालयं, दुपारी जेवणाऱ्यांची ही गर्दी. मला वाटलं, आता आपली चंगळ. तर कसलं काय! तिथे सगळं काम मांस-मच्छीचं. मोठी पातेली मधल्या चुलींवर खदखदत आणि मी कोपऱ्यातल्या लहान शेगडीजवळ खुंटीला टांगलेली. वाढपी मला ‘सोवळ्यातल्या बाई’ म्हणून चिडवत. “बाईंना धक्का लावू नका रे, आंघोळ करायला लागेल.”

पण वाढायच्या खिडकीतून मला बाहेरचं सगळं ऐकू येई. त्या शहरात शाकाहारी माणसाने बाहेर जेवायचं म्हणजे आधी अर्धा तास बोलायचं. आमच्याकडे येणारे लोक आपसांत सांगत. दुसरीकडे त्यांना विचारत, “मांस चालत नाही? मग मासे घ्या.” मासेही नको म्हटलं तर, “बरं, तुकडे बाजूला काढून देतो. नुसत्या रश्शाला काय होतंय?” शेवटी पाव आणि काकडी समोर येई. बरोबरचे मित्र चवीने जेवत आणि हा माणूस हसून म्हणत राही, “तुम्ही घ्या हो, मला फारशी भूकच नाही.” भूक असायची, मित्रांनो. सांगून सांगून आलेला कंटाळा भुकेपेक्षा मोठा व्हायचा, इतकंच.

त्यांच्यात एक ताई होत्या, जवळच्या चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या. त्या दारात दिसल्या की जुना वाढपी आत ओरडे, “नेहमीचं एक!” आचारी मला खाली उतरवत, वाटाणे, गाजर, बटाटे घालत, आणि रश्शाला साधं पाणी. ताई एकदा खिडकीशी येऊन म्हणाल्या, “काका, दिवसभरात ही एकच जागा अशी आहे, जिथे मला काही समजावून सांगावं लागत नाही.” आचारी नुसते मान हलवून कांदा चिरत राहिले. मी मात्र ते कौतुक कितीतरी दिवस पुरवून वापरलं.

मग आचाऱ्यांचे गुडघे गेले. ते घरी बसले आणि त्यांच्या सूनबाई चुलीशी आल्या. हाताला चव होती, कामाला झपाटा होता. जुना वाढपीही काम सोडून गेला. सूनबाईंनी एकदा मला हातात घेऊन विचारलं, “ही बारकी कढई वेगळी का ठेवलीय?” भांडी घासणारी म्हणाली, “असेल तुमच्या मामंजींचं काहीतरी.” तेवढ्यात बाहेरून मागणी आली आणि विषय तिथेच राहिला. त्या दिवशी माझ्यात मासा तळला गेला. मी तापले, करपले, पण कढईला नाही म्हणता येत नाही. हळूहळू ‘नेहमीचं’ या शब्दाचा अर्थही बदलला. आता नेहमीचं म्हणजे रोजचा रस्सा, हाडांच्या पाण्यातला.

ताई मधले बरेच दिवस आल्या नव्हत्या. त्यांची आई गेली होती. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, तेही त्यांनी सोडलं होतं. घराबाहेर पडत नसत, ओट्याशी उभ्याउभ्या काहीतरी पोटात ढकलत. एका दुपारी ताई त्यांना घेऊन आल्या. खिडकीजवळच्या टेबलाशी बसवताना म्हणाल्या, “बाबा, इथे निर्धास्त जेवा. इथे आपल्यासारख्यांची वेगळी कढई आहे.”

गर्दी मरणाची होती. नव्या वाढप्याने लांबूनच विचारलं, “ताई, नेहमीचं चालेल?”

“चालेल,” ताई म्हणाल्या. न सांगता विचारलं म्हणून त्यांना बरंच वाटलं असणार.

“दोन नेहमीचं!” आरोळी आत आली. सूनबाईंनी मलाच चुलीवर ठेवलं, भाज्या टाकल्या आणि वर मोठ्या पातेल्यातलं पाणी ओतलं.

बाबांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि घास घेतला. मग चमचा खाली ठेवला.

“चव चांगली आहे गं. पण ही चव भाजीची नाही.”

ताईंनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. वाढपी गोंधळला. “तुम्हीच चालेल म्हणालात ना?”

“मी नेहमीचं चालेल म्हटलं.”

“मग हेच तर नेहमीचं.”

सूनबाई हात पुसत बाहेर आल्या. काय झालं ते कळल्यावर म्हणाल्या, “आजोबा, मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मीही नीट विचारलं नाही.”

“तुझ्यावर राग नाही, पोरी. ही बोलली एक, तुम्ही ऐकलंत दुसरं.” मग ते ताईंकडे वळले. “चल, घरी जाऊ. आणि यापुढे मला बाहेर चल म्हणू नकोस.”

ताई उठून कोटाचं बटण लावू लागल्या. किती दिवसांच्या मनधरणीने त्यांनी वडिलांना उंबरठ्याबाहेर काढलं होतं, आणि ते दार आता पुन्हा लागणार होतं.

“मग मी येते,” सूनबाई म्हणाल्या. “तुमच्या ओट्यावर, नव्या भांड्यात, तुमच्या डोळ्यांसमोर करते. भाज्या तुम्ही धुवून द्या. आवडलं तर मग इथलं बघू. येऊ का?”

बाबांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

“कांदा बारीक चिरतेस?”

“चिरते.”

“सुटीच्या दिवशी ये मग. जाडा निघाला तर परत पाठवीन.”

मित्रांनो, एखाद्याचा नेम तुम्हाला लहान वाटेल. पण तो पाळणाऱ्याला रोज, दर टेबलाशी, नव्याने सांगावा लागतो, आणि त्याचा शीण कुणाला दिसत नाही. म्हणून तुमच्या पंगतीला असं कुणी असेल तर एकदा नीट विचारा. उत्तर लक्षात ठेवा. आणि आपण जाताना मागून येणाऱ्याला सांगून जा. आमच्याकडे नेमकं तेवढंच राहिलं.

आज सुटी आहे. चुली थंड आहेत. सूनबाई मागच्या दाराने आत आल्या तेव्हा मला वाटलं, मला नेतील. नाही नेलं. बरोबरच केलं, माझ्यात आता सगळंच शिजून गेलं आहे. वाईट वाटलं नाही असं मात्र म्हणणार नाही. त्यांनी फळीवरची कोरी कढई धुतली, पुसली, स्वच्छ फडक्यात गुंडाळली. पिशवीत वाटाण्याच्या शेंगा भरल्या, कांदे हाताने चाचपून घेतले. चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेत त्या रस्त्याला लागल्या.