मास्तरीणबाईंची शून्यं

वृद्धाश्रमातल्या मोठ्या सिस्टर कामाला वाघीण. रोज सकाळी दहाला खाटेखाटेपाशी जाऊन विचारायच्या, शून्य ते दहा, किती दुखतंय? मिळेल तो आकडा तक्त्यात टाकायच्या. त्यांतल्या एका खाटेवरच्या मास्तरीणबाईंची वाचा लकव्यानं गेलेली. त्या आपल्या गप्प पडून असायच्या, म्हणून तिथं शून्य. सात महिने, एक दिवस न चुकता. बोलतच नाही त्या माणसाला विचारायचं तरी काय, आणि खरं सांगायचं तर थांबायला वेळ होता कुणाला!

दुखण्याची काळजी कुठल्या वृद्धाश्रमात नीट घेतात याची तपासणी निघाली, तेव्हा सिस्टर खुशीत होत्या. सगळ्यात कमी आकडे त्यांचेच. पहिला नंबर ठरल्यातच जमा. तपासायला आलेल्या बाईंनी तक्ते चाळले आणि एवढंच म्हणाल्या, की कूस बदलताना एकदा बघायचंय.

आया मास्तरीणबाईंना वळवायला पुढं झाली. तिचा हात लागायच्या आधीच त्यांनी उशीच्या अभ्र्याचं टोक दातांत धरलं. कपाळावर घाम डवरला, तोंडातून हूं की चूं नाही. आया सहज बोलून गेली, की यांचे अभ्रे कायम कुरतडलेलेच निघतात, धुणारी बाई रोज कटकट करते.

नव्या अभ्र्यांच्या चिठ्ठीवर सही सिस्टरांनीच केली होती, तीही चार वेळा. वर हसून म्हणाल्या होत्या, म्हातारपणी एकेक चाळे सुचतात.

तपासनीस बाईंनी पेन काढून विचारलं, आजचा आकडा काय? नंबर जाणार, मॅनेजर खाऊ की गिळू करणार, हे सिस्टरांना दिसतच होतं.

"नऊ लिहा," त्या म्हणाल्या. "आणि मागची शून्यं माझी आहेत, त्यांची नाहीत."

नंबर गेला. सिस्टरांना लेखी समज मिळाली. डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं.

चौथ्या दिवशी आया आली तशी मास्तरीणबाईंनी सवयीनं अभ्रा दातांत धरला. कूस बदलून झाली. त्या जराशा थांबल्या, टोक हळूच सोडलं आणि नवल वाटून सिस्टरांकडे बघत राहिल्या. सिस्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर दोन तासांनी एक कूस, असे सात महिने. त्यांनी मनात हिशेब करायला घेतला आणि अर्ध्यावरच सोडून दिला.