उघडा माळ

"वीतभर खनला का पहार खडकावर वाजते. हितं झाड जगायचा नाय, रेश्मे," शकू म्हणाली.

रेश्माने खड्ड्यातून मान वर केली नाही. "साहेबांनी सांगितलाय, बाय. पानी घालू आमी."

रेश्मा तिची धाकटी जाऊ. उंबरमाळी गावाच्या वरचा हा उघडा माळ शकूने तीस वर्षं कापला होता. गवत कुठे कंबरेला लागतं, टिटवी कुठे अंडी घालते, सगळं तिला पाठ. पण तिथे सरकारी झाडं लावायचं निघालं तेव्हा मुकादम नेमलं रेश्माला, ती दहावी झालेली म्हणून. माळाला काटेरी तार लागली आणि शकूचं गवत बंद झालं. पेपरात रेश्माचा फोटो आला. शकूच्या नवऱ्याने तो कापून भिंतीला चिकटवला. त्या दिवसापासून शकूला त्या फोटोसमोर घास गिळवेना.

दोन वर्षं रेश्मा डोक्यावरून पाणी वाहत राहिली. हजारातली साठेक रोपं जगली. ती जगली, हेच शकूला जास्त लागलं.

चैत्रातल्या एका दुपारी तिने तार उचलून काठीने अडकवली आणि आपल्या दोन्ही म्हशी आत सोडल्या.

संध्याकाळी रेश्मा खुडलेल्या बुडख्यांपाशी रडत बसली होती. कामावरच्या दोघी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "कोनाची गुरं आली कोन जाने," एवढंच ती म्हणाली. लांबून बघताना शकूला पुन्हा हेवाच वाटला. माळ आपल्या हातून गेला तेव्हा आपल्याजवळ कुणी बसलं नव्हतं.

पावसाआधी गवताचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. म्हणाल्या, हा माळ मुळातच गवताचा, इथे झाडं लावायलाच नको होती. तार काढायचं ठरलं.

"आमच्या बाय हेच सांगत व्हत्या," रेश्मा सगळ्यांदेखत म्हणाली. "मीच ऐकला नाय."

माणसं शकूकडे वळली. अभ्यासाला आलेल्या बाईंनी तिचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. जे ऐकायला शकू दोन वर्षं तळमळली होती, ते ऐकताना तिची मान वर होईना. 'म्हशी माज्या व्हत्या' हे शब्द जिभेवर आले आणि तिथेच राहिले.

दिवाळीनंतर माळ कापायला खुला झाला. मुकादमी गेलेली रेश्माही भाऱ्यामागे मिळणाऱ्या मजुरीला आली. तिची कापायची सवय मोडली होती, हात चालत नव्हता.

"तू हिकडून धर," शकूने तिला दाट गवताची पट्टी दाखवली. मग स्वतः खडकाळ कडेला गेली आणि तिच्याकडे पाठ करून खुरटं गवत कापू लागली.