अजून एकदा घेऊया

मी एक जुना डबल बास आहे, मित्रांनो. हवं तर मला व्हायोलिनचा थोरला काका म्हणा. माणसापेक्षा उंच, पोट सुटलेला आणि आवाजाने घोगरा. तुम्ही मला पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की आहे. सिनेमात एखादी बाई रिकाम्या घराचा जिना चढत असते, अजून काहीच घडलेलं नसतं, तरी तुम्ही खुर्चीचा हात घट्ट धरता ना? ते माझं काम. कुणी कुणाला कायमचं सोडून जातं आणि तुम्ही गुपचूप डोळे पुसता, तेव्हाही व्हायोलिनच्या खाली मी असतो. कौतुक नेहमी व्हायोलिनचं होतं. आता त्याचं वाईट वाटत नाही.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवलं. लाकडाची प्रत्येक फळी तो बोटाने ठोकून, कान लावून निवडायचा आणि मनासारखी वाजली नाही की तोंडातल्या तोंडात शिव्या घालायचा. ज्या उंच माणसासाठी मला बनवलं होतं, तो मला न्यायला आलाच नाही. आला तो एक बुटका तरुण. त्याचा हात माझ्या मानेच्या टोकापर्यंत पोचेना, तेव्हा कारागीर खो खो हसला.

"खोक्यावर उभा राहीन," तो तरुण म्हणाला. "तुम्हाला काय त्याचं?"

आणि खरोखरच तो जन्मभर एका लाकडी खोक्यावर उभा राहून मला वाजवत राहिला. रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये सगळे त्याला लंबू म्हणायचे. तोही हसून ओ द्यायचा.

त्या हॉलची रीत तुम्हाला सांगायला हवी. आम्ही सगळे वादक आणि वाद्यं पडद्याकडे पाठ करून बसायचो. मागच्या पडद्यावर सिनेमा चालायचा, पण तो फक्त आमच्यासमोर उभ्या असलेल्या संगीतकारांना दिसायचा. त्यांचा हात वर गेला की आम्ही वर, खाली आला की खाली. वाजवायच्या आधी ते एवढंच सांगायचे, "इथे मुलगा परत येतो," किंवा "इथे म्हातारा मरतो." कोण मुलगा, कुठला म्हातारा, आम्हाला पत्ता नसायचा. मागे वळून बघायला बंदी होती, कारण बघणाऱ्याचा गज थबकतो. अशी आमची गंमत, मित्रांनो. अख्ख्या गावाला रडवायचं आणि कशासाठी रडवलं ते आपल्याला ठाऊक नाही.

दुसरी रीत दाराबाहेरच्या लाल दिव्याची. दिवा लागला की कितीही मोठा माणूस आला तरी दार उघडायचं नाही. एका शिंकेने सगळी मेहनत पाण्यात जाते. दारावरचा शिपाई या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकत नसे.

लंबूचं घर हॉलपासून दोन गल्ल्यांवर होतं. घरात बायको आणि शाळेत जाणारी एक लेक. बायकोचं हृदय नाजूक होतं. महिनोन्महिने ती अंथरुणाला खिळलेली, तरी जिभेची धार कायम होती. त्या दिवशी सकाळी ती उठून बसली, चहा प्यायली आणि नवऱ्याला म्हणाली, "जा बघू कामावर. इथे नुसत्या येरझाऱ्या घालून माझं डोकं उठवता." शेजारच्या मावशी सोबतीला येऊन बसल्या. लंबूला जरा हायसं वाटलं. खोक्यावर चढताना तो चक्क शीळ घालत होता.

त्या दिवशी संगीतकार म्हणाले, "इथे आई जाते. लांबलचक प्रसंग आहे, घाई करायची नाही."

आम्ही वाजवलं. मित्रांनो, मी पुष्कळ वर्षं वाजलो, पण तसं क्वचितच. व्हायोलिनं मध्येच थांबतात आणि काही क्षण मी एकटाच उरतो, अशी ती जागा होती. शेवटचा सूर विरला. मग संगीतकारांनी रुमालाने चष्मा पुसला. दिवा बंद करणाऱ्याचा हात बटणापर्यंत गेला होता.

तेवढ्यात लंबूने गज वर केला. "अजून एकदा घेऊया. माझा गज खरखरला."

"अरे, कुणाला ऐकू येतंय तुझं ते?" एक व्हायोलिनवाला वैतागला. "भूक लागलीय."

"मला येतंय."

खरखर झाली होती, केसाएवढी. ती फक्त त्याने ऐकली आणि मी. संगीतकारांनी मान डोलावली. दिवा लालच राहिला, आणि आम्ही तो सगळा लांबलचक प्रसंग पहिल्यापासून पुन्हा वाजवला.

त्या दाराबाहेर त्याची लेक उभी होती. आईला अचानक धाप लागली म्हणून मावशींनी तिला पिटाळलं होतं. ती धावत आली तेव्हा आमचं पहिलंच वाजवणं संपत आलं होतं. शिपाई तिला म्हणाला, "दिवा विझू दे पोरी, लगेच सोडतो." दिवा विझेना. दार इतकं जाड होतं की तिचं रडणं आत आलं नाही आणि आमचं रडणं बाहेर गेलं नाही.

अखेर दार उघडलं. तिला बघताच लंबूने मला जमिनीवर आडवं टाकलं. आयुष्यात प्रथमच. दोघं धावत सुटली.

मावशी दारातच उभ्या होत्या. "आत्ताच हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या वळणावर असाल तेव्हा. सारखी दाराकडे बघत होती."

हे सारं मला लंबूनेच नंतर सांगितलं. दुसऱ्या कुणाशी बोलणार तो? लेकीला त्याने एवढंच सांगितलं होतं की काम लांबलं. पण भेटायला आलेला तो व्हायोलिनवाला, बिचारा चांगलाच माणूस, कौतुकाने बोलून गेला, "आम्ही पुरे म्हणत होतो, हाच ऐकेना. पुन्हा घ्यायला लावलं. असा कलावंत होणे नाही!" लेक त्याच्यासाठी पाणी घेऊन आली होती. तिने पेला खाली ठेवला आणि आत गेली. त्यानंतर ती बापाशी बोलली नाही असं नाही. जेवायला वाढलं, बरं नाही वाटत का, येताना साबण आणा, एवढं बोलायची. त्यापलीकडे एक अक्षर नाही.

सिनेमा धो धो चालला. त्या प्रसंगाला माणसं हुंदके देऊन रडायची, आणि रडून मोकळी होऊन घरी जायची. ज्यांना स्वतःच्या घरच्या मरणात रडता आलं नव्हतं, तीही तिथे अंधारात रडायची. लंबू तो बघायला एकदाच गेला. परत आला तो माझ्याजवळ खाली बसला. मग म्हणाला, "आधीचाच घेतलाय रे. खरखर आहे त्यात."

संगीतकारांना पहिल्यांदा वाजवलेलाच तुकडा आवडला होता. दुसरा कुठे पडून राहिला, कुणास ठाऊक.

पुढे यंत्रं आली. एका माणसाच्या बोटाखाली सगळी वाद्यं मावायला लागली. हॉलमध्ये कुणाच्या तरी खुर्च्या भरून ठेवल्या. लंबूची बोटं आखडली. माझ्या तारा गंजल्या, पोटाला चीर गेली. तो अंथरुणाला खिळला तेव्हा लेक त्याला आपल्या घरी घेऊन गेली. "बाबांबरोबर हे धूडपण?" जावयाने विचारलं. "हो, हेपण," ती म्हणाली. मी त्याच्या खाटेशेजारच्या कोपऱ्यात उभा राहिलो.

एका दुपारी ती त्याला भरवत होती. टीव्ही उगाच चालू होता. तोच सिनेमा लागला. तिने तो कधीच पाहिला नव्हता.

"बंद कर," लंबू म्हणाला.

"असू द्या."

ती चमचा हातात धरून बघत राहिली. पडद्यावरची आई गेली. व्हायोलिनं थांबली, मी एकटा उरलो, खरखर आली आणि गेली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ज्या सुरांनी हजारो लोकांचे रुमाल भिजवले, त्यांनी तिला काहीच केलं नाही. प्रसंग संपला तसा तिने टीव्ही बंद केला.

"बाबा, हा कुठला? आधीचा की नंतरचा?"

तेवढं एकच तिला इतकी वर्षं विचारायचं होतं. नंतरचा, असं तो म्हणाला असता तर निदान आईचं ते दाराकडे बघत राहणं कशाच्या तरी कामी आलं, असं तिला वाटलं असतं. ते त्यालाही कळत होतं.

"आधीचा," तो म्हणाला.

तेव्हा ती रडली. तोंडावर पदर धरून, अंग गदगदा हलवत, शाळेतल्या पोरीसारखी. लंबूने हात पुढे केला. तो तिच्यापर्यंत पोचला नाही आणि ती पुढे सरकली नाही. मी तिथेच होतो, मित्रांनो. दुःखात सोबत करायलाच मला घडवलं होतं, पण त्या खोलीत मला काही काम नव्हतं.

त्या पावसाळ्यात लंबू गेला. शेवटपर्यंत ती त्याला वेळेवर औषध देत होती. माफ केलं असं मात्र ती कधी म्हणाली नाही, आणि त्यानेही मागितलं नाही.

जुन्या वाद्यांना जपा, ऊन लागू देऊ नका, तारा सैल करून ठेवा, असं तुम्हाला कुणीही सांगेल. माझ्यासाठी त्यातलं काही केलं नाहीत तरी चालेल. फक्त काम कितीही रंगात आलेलं असो, कुणी आपल्यासाठी दारात ताटकळत उभं असेल का, एवढं मध्येच थांबून बघत जा. खरखर राहिली तर राहू द्या. ती कुणाला ऐकू येत नाही.